सगळ्या टाउनशिपला एकाच प्लांटचं थंड पाणी: डिस्ट्रिक्ट कूलिंगबद्दल पुणेकर हमखास विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात चिलर प्लांट चालवणाऱ्यांपैकी, म्हणजे लॉगशीट, पंपरूम आणि फोन, दिवसभर हेच. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, बिल्डरच्या ऑफिसात, टपरीवर चहा घेताना तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच बसून लिहून काढतोय. क्रम असा काही नाही, जसे आठवले तसे.

डिस्ट्रिक्ट कूलिंग म्हणजे नक्की काय? सेंट्रल एसीच ना?

सेंट्रल एसीचा मोठा भाऊ म्हणा. सेंट्रल एसीत एका बिल्डिंगचा एक प्लांट असतो, इथे दहा-वीस-पन्नास बिल्डिंगना मिळून एकच प्लांट. तिथे मोठे चिलर पाणी ५-६ डिग्रीपर्यंत थंड करतात, ते पाणी रस्त्याखालच्या इन्सुलेटेड पाइपातून प्रत्येक बिल्डिंगपर्यंत जातं, तिथे तळघरात प्लेट हीट एक्स्चेंजर असतो, म्हणजे बिल्डिंगचं पाणी वेगळं आणि आमचं वेगळं, फक्त थंडावा इकडून तिकडे जातो. मग आमचं पाणी गरम होऊन परत येतं. "गरम" म्हणजे १३-१४ डिग्री, हात घातला तर गारच लागेल. पण हा शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच आहे.

टीआर म्हणजे टन, पण कसला टन?

बर्फाचा. पूर्वी बर्फाने थंड करायचे तेव्हापासून आलेलं माप आहे, एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता ओढतो तेवढा एक टीआर. आजच्या भाषेत ३.५१७ किलोवॅट. तुमचा बेडरूमचा दीड टनाचा एसी तो हाच टन.

वीज खरंच वाचते का? आमच्याकडे फाइव्ह स्टार इन्व्हर्टर स्प्लिट आहे की

इथे सेल्सवाले जे सांगतात आणि मी जे सांगणार त्यात फरक आहे. फाइव्ह स्टार स्प्लिटचा आयसीर (कार्यक्षमतेचा आकडा, मोठा तितका चांगला) ५ च्या वर असतो, म्हणजे कागदावर एका टीआरला साधारण ०.७ किलोवॅट. आमचा चांगला वॉटर कूल्ड सेंट्रिफ्युगल चिलर ०.५५ ते ०.६५ घेतो, पण त्यात पंप आणि कूलिंग टॉवरचे, म्हणजे चिलरची उष्णता बाहेर हवेत टाकणाऱ्या मनोऱ्याचे, पंखे धरले की अख्खा प्लांट ०.७५ ते ०.९ वर येतो. मग वाचलं काय? कागदावर काहीच नाही, खरं सांगायचं तर.

पण कागदावर तुमचा आउटडोअर युनिट मोकळ्या हवेत असतो. प्रत्यक्षात तो डक्टमध्ये कोंबलेला असतो, खालच्या मजल्याची गरम हवा वरचा ओढतो, कॉइलवर दोन वर्षांची धूळ आणि कबुतरांची घरटी. तेव्हा तो ०.७ राहत नाही. आणि ऑफिसांत, हॉटेलात, हॉस्पिटलात तर जुने पॅकेज युनिट किंवा एअर कूल्ड चिलर असतात जे १.१-१.३ सहज खातात, तिथे फरक मोठा पडतो. म्हणजे घराच्या चांगल्या, स्वच्छ ठेवलेल्या स्प्लिटशी तुलना केली तर फायदा थोडा, बाकीच्यांशी केली तर भरपूर.

दुसरा फायदा वेगळाच आहे. ऑफिसला दुपारी तीनला सगळ्यात जास्त एसी लागतो, मॉलला संध्याकाळी, घरांना रात्री दहाला. प्रत्येकाने आपापला प्लांट घेतला तर प्रत्येकजण आपल्या पीकचा घेणार. एकत्र केलं की सगळ्यांचे पीक एकाच वेळी येत नाहीत म्हणून बेरीज ५००० टीआर असेल तर प्लांट ३५००-४००० चा पुरतो.

मग आमचा प्लांट नवा, चिलर भारी, तरी बिल एवढं का?

हा खरा प्रश्न. उत्तर दहातल्या आठ वेळा चिलरमध्ये नसतंच, परत येणाऱ्या पाण्यात असतं.

हिशोब बघा. पाणी ५ डिग्रीने गेलं आणि १४ ने परत आलं तर डेल्टा टी, म्हणजे दोन्हींतला फरक, ९. तेव्हा १००० टीआर पोचवायला सेकंदाला साधारण ९३ लिटर पाणी लागतं. तेच पाणी १० डिग्रीनेच परत आलं तर डेल्टा टी ५, आणि त्याच १००० टीआरसाठी १६८ लिटर. थंडावा तेवढाच, पाणी जवळपास दुप्पट. आणि पंपाचा नियम वाईट आहे, फ्लो दुप्पट केला तर वीज दुप्पट नाही, आठपट होते, थिअरीप्रमाणे फ्लोच्या घनाच्या हिशोबाने वाढते. उलटंही खरं म्हणा, फ्लो २० टक्के कमी केला तर वीज जवळपास निम्मी.

पण पंपाचं बिल हा त्यातला लहान भाग. मोठा भाग असा की एका चिलरमधून ठराविकच पाणी जाऊ शकतं. पाणी जास्त फिरायला लागलं की ऑपरेटरला दुसरा चिलर चालू करावा लागतो, टीआर कमी पडले म्हणून नाही, फ्लो कमी पडला म्हणून. मग दोन चिलर प्रत्येकी ४५-५० टक्के लोडवर, दोन्हींचे पंप चालू, दोन टॉवर चालू, आणि तरी शेवटच्या बिल्डिंगमधून फोन की "गार होत नाहीये". याला लो डेल्टा टी सिंड्रोम म्हणतात. आजार आहेच तो, आणि डॉक्टर बहुतेक वेळा चुकीच्या पेशंटला तपासतो, म्हणजे चिलरची सर्व्हिसिंग करून घेतो.

पाणी थंडच परत येतं, यात दोष कुणाचा?

बिल्डिंगच्या आतला. आणि बिल्डिंगवाला म्हणतो प्लांटचा.

मागे एका बिल्डिंगचं रिटर्नचं पाणी साडेआठ डिग्रीला येत होतं. बीटीयू मीटर (किती थंडावा वापरला ते मोजणारा) खराब आहे असं तिथले फॅसिलिटीवाले ठामपणे सांगत होते. मी आणि आमचा ऑपरेटर, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, असे दोघं एएचयू रूम, म्हणजे थंड पाण्याच्या कॉइलवरून हवा फुंकणारी युनिटं असतात त्या खोल्या, एकेक करत वर गेलो. अण्णा थर्मामीटर काढत नाही, आधी हात लावतो. सप्लाय पाइपला घाम सुटलेला असणारच, पण सहाव्या मजल्यावर रिटर्नलाही तसाच घाम होता, टपटप. तो म्हणाला, "साहेब, हे पाणी काही काम न करताच घरी चाललंय." वर फॉल्स सीलिंग उघडलं तर कमिशनिंगच्या वेळी, म्हणजे सिस्टिम पहिल्यांदा चालू करताना, लाइन फ्लश करायला उघडलेला बायपास व्हॉल्व्ह तसाच उघडा, त्यावर कंत्राटदाराचा टॅगसुद्धा लटकत होता. दोन वर्षं. थंड पाणी सप्लायमधून सरळ रिटर्नमध्ये जात होतं, कॉइलचं तोंडही न बघता.

असे बायपास हा एक प्रकार. दुसरा म्हणजे जुने थ्री वे व्हॉल्व्ह, त्यांचं डिझाइनच असं की गरज नसली की पाणी बाजूने परत पाठव. व्हेरिएबल फ्लोच्या (गरजेप्रमाणे पाणी कमी-जास्त होणाऱ्या) सिस्टिममध्ये ते नकोतच, टू वे लावा, आणि जमलं तर प्रेशर इंडिपेंडंट व्हॉल्व्ह, महाग आहे पण प्लांटजवळच्या बिल्डिंगला पाणी बदाबदा आणि शेवटच्याला थेंब थेंब हा प्रकार त्याने थांबतो. तिसरा, एएचयूचे फिल्टर आणि कॉइल मळलेली असणं, हवाच जात नाही तर पाणी गरम कशाने होणार. चौथा माझा लाडका: जिममधला थर्मोस्टॅट १६ वर. खोली १६ ची कधीच होणार नाही, व्हॉल्व्ह मात्र कायम १०० टक्के उघडा. घरगुती एसी २०२० पासून २४ डिग्रीच्या डिफॉल्टवर येतात तो सरकारी नियम आहे, आमच्या थर्मोस्टॅटला तसा कुणी वाली नाही, म्हणून बीएमएसमधून (बिल्डिंगच्या कंट्रोल सिस्टिममधून) खालची लिमिट २२-२३ ला लॉक करून टाका. दोन दिवस फोन येतील, मग बंद होतील.

चिल्ड वॉटरचं टेम्परेचर वाढवलं तर वीज वाचते म्हणतात, वाढवू का?

एक डिग्री वाढवलं की चिलर साधारण २ ते ३ टक्के कमी वीज घेतो, हे खरं. पण सरसकट नाही. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतला दमटपणा काढायला कॉइल गारच लागते, तेव्हा वाढवलं तर ऑफिसात चिकचिक आणि भिंतींना बुरशी. डिसेंबर-जानेवारीत बिनधास्त वाढवा. एप्रिल-मेमध्ये पुण्याची हवा कोरडी, म्हणून मोह होतो, पण तेव्हा लोड फुल असतो आणि सप्लाय वाढवून कॉइल पुरी पडली नाही की व्हॉल्व्ह उघडून बसतात आणि डेल्टा टी परत पडतो. वाढवा, पण अर्ध्या अर्ध्या डिग्रीने, आणि नजर रिटर्नवर.

पुण्याच्या हवेचा काही फायदा होतो का? का दुबईसारखंच?

होतो, आणि लोक तो वाया घालवतात. कूलिंग टॉवर हवेच्या टेम्परेचरवर चालत नाही, वेट बल्बवर चालतो, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर जे दाखवेल ते. माठाचं पाणी उन्हाळ्यात गार का होतं आणि पावसाळ्यात का नाही, तेच. एप्रिलच्या दुपारी बाहेर ३८, पण हवा इतकी कोरडी की वेट बल्ब २१ च्या आसपास, टॉवर २४-२५ चं पाणी देऊ शकतो. तेव्हाच तुमच्या बाल्कनीतला स्प्लिट ३८-४० च्या हवेशी झगडत असतो. उलट जुलैत बाहेर २७-२८ आणि लोक म्हणतात छान हवा आहे, पण वेट बल्ब २४-२५, टॉवरची परीक्षा तेव्हा.

मग चूक काय होते तर टॉवरच्या पंख्याचा सेटपॉइंट कुणीतरी पावसाळ्यात २९ ला ठेवला आणि वर्षभर तोच. उन्हाळ्यात आणि थंडीत पंखे आरामात बसतात आणि चिलर घाम गाळतो. कंडेन्सरचं, म्हणजे टॉवरकडून चिलरला येणारं, पाणी एक डिग्री खाली आलं की तिथेही २-३ टक्के. सेटपॉइंट वेट बल्बच्या ३-४ डिग्री वर ठेवून त्याच्यामागे फिरता ठेवा. फक्त थंडीत फार खाली नेऊ नका, प्रत्येक चिलरची एक खालची मर्यादा असते, ती कंपनीला विचारा, नाहीतर ट्रिप होतो आणि मग सगळे म्हणतात जुनंच बरं होतं.

पाण्याचं काय? इथे प्यायला टँकर मागवतोय

डिस्ट्रिक्ट कूलिंगचा सगळ्यात दुखरा भाग, आणि माहितीपत्रकात तो शेवटच्या पानावर असतो. टॉवरमध्ये पाणी उडतंच, उडाल्याशिवाय गार होत नाही. एका टीआर-तासाला, म्हणजे एक टीआर तासभर वापरला की, साधारण ८ लिटर धरा. १५०० टीआर सरासरी लोड, दिवसाला १२ तास, म्हणजे १८,००० टीआर-तास, म्हणजे १ लाख ४४ हजार लिटर. दहा हजारी टँकर चौदा-पंधरा, रोज. वाघोली नाहीतर उंड्रीच्या माणसाला हा आकडा सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, एसटीपीचं (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं) ट्रीट केलेलं पाणी नसेल तर प्लांट काढूच नका. टाउनशिप मोठी असेल तर तेवढं सांडपाणी निघतंच, ते नीट गाळून, सॉफ्ट करून टॉवरला द्यायचं. बोअरचं पाणी जड असतं, त्यात ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साठलेलं पाणी फेकून देणं, जास्त करावा लागतो. पाणी तीन पट घट्ट झाल्यावर फेकलं तर टीआर-तासाला ९ लिटरच्या वर लागतं, सहा पटीपर्यंत नेता आलं तर साडेसात. म्हणजे वॉटर ट्रीटमेंटवाल्याचा पगार पाण्यातूनच सुटतो. आणि ट्रीटमेंट ढिली पडली की कंडेन्सरच्या ट्यूबना खपली धरते, मग वीजही जाते आणि पाणीही.

खडकवासल्याचं पाणी वापरता येईल का? टोरांटोत करतात म्हणे

करतात, २००४ पासून. ओंटारिओ तलावाच्या ८० मीटरपेक्षा खोलवरून वर्षभर ४ डिग्रीचं पाणी मिळतं त्यांना. पॅरिस सेन नदी वापरतं. आपल्या धरणाला तेवढी खोली नाही, उन्हात तापतं, आणि वर ते प्यायचं पाणी. पुढचा प्रश्न.

मोठी थंड पाण्याची टाकी बांधा म्हणतात, उपयोग आहे का?

आहे, मला ती आवडते. चिलर रात्री चालवून टाकी भरायची, दुपारी पीकला रिकामी करायची. वर गरम पाणी, खाली थंड, मध्ये पातळ थर, ढवळलं नाही तर मिसळत नाही. ४ डिग्रीच्या खाली मात्र नेता येत नाही, कारण पाणी ४ ला सगळ्यात जड असतं, त्याखाली परत हलकं होऊन वर यायला लागतं. डेल्टा टी ९ असेल तर एका घनमीटरला साधारण ३ टीआर-तास मावतात. म्हणजे ३००० टीआर-तासाला दहा लाख लिटरच्या वर, १० मीटर व्यास आणि चार मजली उंच टाकी. डेल्टा टी ५ वर आला की त्याच टाकीत निम्मंच मावतं, बघा, फिरून तिथेच आलो.

रात्री हवा गार असते म्हणून चिलरही कमी खातो. विजेच्या दराचं मात्र तपासून घ्या, पूर्वी रात्री १० ते सकाळी ६ स्वस्त हे डोळे झाकून धरायचो, आता सोलरमुळे सवलत दिवसाकडे सरकतेय आणि संध्याकाळ महाग होतेय. तेव्हा टाकी रात्री भरायची का सकाळी अकराला, हे महावितरणच्या चालू बिलातले टीओडीचे (वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे) स्लॉट बघून ठरवा, कन्सल्टंटच्या जुन्या एक्सेलवरून नको.

आणि गुरुवार. पुण्यात गुरुवारी मेंटेनन्सची लाइट गेली की टाकी असेल तर डीजीवर (डिझेल जनरेटरवर) फक्त पंप चालवायचे, चिलर नाही. त्या दिवशी टाकीचे पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं.

बर्फाची टाकी जागा कमी घेते, पण बर्फ करायला चिलर शून्याच्या खाली चालवावा लागतो, तिथे एफिशियन्सी जाते. जागाच नसेल तर.

आमची टाउनशिप दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने होणार, प्लांट आत्ताच पूर्ण बांधायचा का?

नाही, नाही आणि नाही. वाढत्या वस्तीत सगळ्यात जास्त वीज इथेच जाते. बिल्डर म्हणतो एकदाच मोठं घेऊ, स्वस्त पडतं, आणि दोन हजार टीआरचे तीन चिलर आणून ठेवतो. पहिली तीन वर्षं ताबा मिळालेले दोन टॉवर आणि एक सेल्स ऑफिस, रात्रीचा लोड दीडशे टीआर. दोन हजारचा चिलर दीडशेवर धड चालतच नाही, सारखा चालू-बंद, नाहीतर हॉट गॅस बायपासवर, म्हणजे एका पायाने अ‍ॅक्सिलरेटर आणि दुसऱ्याने ब्रेक.

प्लांटरूम, पाइप आणि पाया पुढच्या टप्प्यांचा धरून करा, कारण ते नंतर वाढवता येत नाही. चिलर, पंप, टॉवर मात्र लोड येईल तसे. पहिला चिलर मुद्दाम लहान घ्या, व्हीएफडीवाला (लोडप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा), तो पुढे आयुष्यभर रात्रीचा आणि थंडीचा चिलर म्हणून कामाला येतो. मोकळ्या प्लांटरूममध्ये रिकामे पाये बघून डायरेक्टर लोकांना वाईट वाटतं, वाटू दे.

पाइपचं एक सांगतो. मोठा पाइप पहिल्या दिवसापासून जमिनीत आणि त्यातून थोडंसंच पाणी, तर वाटेत जमिनीची उष्णता लागून पाणी तापतं. फुल लोडला हे किरकोळ असतं, पण सुरुवातीला टोचतं. म्हणून पीयूएफ फोमचं फॅक्टरी इन्सुलेशन, वर एचडीपीई प्लास्टिकचं जॅकेट, आणि सांधे करताना स्वतः उभं राहा. लाइन गळते ती सांध्यातच, आणि पावसाळ्यात रस्ता खोदायला परवानगी मिळत नाही तेव्हाच कळतं.

बिलात कॅपॅसिटी चार्ज कशाचा? आम्ही तर एसी लावलाच नाही

सोसायटीतले काका लोक इथेच भडकतात आणि त्यांचं अर्धं बरोबर आहे. बिलाचे दोन भाग असतात, एक तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या टीआरचा, एक वापरलेल्या टीआर-तासांचा. विजेच्या डिमांड चार्जसारखं. तक्रार तेव्हा रास्त असते जेव्हा बिल्डिंगचा राखीव आकडा डिझायनरने भीतीपोटी दीडपट धरलेला असतो. दोन उन्हाळ्यांचा बीटीयू मीटरचा डेटा मागा, खरा पीक बघा आणि करारातला आकडा खाली आणायला भांडा. आणि नवीन करार असेल तर रिटर्न टेम्परेचरचं कलम घालून घ्या, १३ च्या वर परत पाठवलं तर सवलत, ११ च्या खाली आलं तर दंड. त्याशिवाय कुणी सहाव्या मजल्यावरचं सीलिंग उघडत नाही.

उष्णतेवर चालणारे चिलर असतात ना, ते घेऊ का?

व्हेपर अ‍ॅब्सॉर्प्शन. आपल्या पुण्यातली थरमॅक्स ते बनवते, मशीन उत्तमच. पण फुकटची उष्णता हाताशी असेल तरच, कारखान्याची वाफ, इंजिनाचा एक्झॉस्ट वगैरे. चिलर चालवायला मुद्दाम गॅस जाळणं म्हणजे दूध विकून ताक आणणं.

भारतात कुठे बघायला मिळेल?

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत, देशातलं पहिलं तेच. सिंगापूरला गेलात तर मरीना बेच्या जमिनीखाली २००६ पासूनचं आहे. पुण्याचं नाव यात अगदीच नाही असं नाही, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने भारतातल्या पाच शहरांचा यासाठी अभ्यास केला त्यात पुणे आणि ठाणे दोन्ही होती.

फक्त फ्लॅट्स आहेत, ऑफिस-मॉल काही नाही. करावं का?

पुण्यात? माझ्या मते नको. इथे घरात एसी मार्चपासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत, तेही रात्री, बाकी वर्षभर पंखा आणि उघडी खिडकी. वर्षातले नऊ महिने झोपलेला प्लांट परवडत नाही. हिंजवडी, खराडीसारखं जिथे ऑफिस, हॉटेल, हॉस्पिटल असं मिसळून आहे तिथेच गणित बसतं, मग त्यात घरं जोडा.

फ्लॅटमधल्या एफसीयूचा (खोलीतल्या पंखा-कॉइलच्या युनिटचा) फिल्टर प्लांटवाले साफ करतात ना?

नाही हो, तो तुमचा. महिन्यातून एकदा, नळाखाली.